शस्त्र बाळगल्याचा गुन्हा दाखल झाल्यास: मोफत वकील, जामीन आणि बचावाची कागदपत्रे

कंबरेला खोवलेला गावठी कट्टा, प्रवासी बॅगेच्या तळाशी राहून गेलेले एक काडतूस, घरात पिढ्यान्‌पिढ्या असलेली तलवार किंवा नूतनीकरण राहून गेलेली परवान्याची बंदूक, यांपैकी कशावरूनही शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो. मात्र या चारही प्रकरणांचा बचाव एकसारखा नसतो. त्यामुळे घरच्यांनी सर्वांत आधी प्रथम खबरी अहवालाची, म्हणजे एफआयआरची प्रत मिळवावी आणि त्यात नेमके कोणते कलम लावले आहे ते पाहावे. गुन्हा संवेदनशील वर्गातला नसेल तर ही प्रत महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरही पाहता येते.

विनापरवाना अग्निशस्त्र किंवा दारूगोळा बाळगणे हा कलम ३ चा भंग असून त्यासाठी कलम २५(१ब)(अ) लागते. १४ डिसेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार त्याला किमान २ आणि कमाल ५ वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे. गुन्हा त्या तारखेपूर्वीचा असेल तर जुनी, १ ते ३ वर्षांची तरतूदच लागू होते. प्रतिबंधित शस्त्रांसाठी, म्हणजे स्वयंचलित बंदुकांसारख्या हत्यारांसाठी, शिक्षा ७ ते १४ वर्षांची आहे. तलवार, सुरा, भाला यांसारख्या हत्यारांना कलम ४ लागते आणि ते केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या क्षेत्रापुरतेच असते. महाराष्ट्रात अशा प्रकरणांत बहुधा महाराष्ट्र पोलीस अधिनियमाची कलमे ३७(१) व १३५ सोबत लावलेली दिसतात. ज्या मनाई आदेशाच्या आधारे ती लावली, तो आदेश घटनेच्या दिवशी आणि त्या हद्दीत लागू होता का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वकिलाच्या शुल्कासाठी दागिने गहाण टाकण्याआधी एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाला माहीत असायला हवी, असे मला मनापासून वाटते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीत किंवा तुरुंगात असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलास पात्र असते, आणि तिच्यासाठी उत्पन्नाची अट नाही. स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांनाही ही अट लागत नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ३ लाख रुपये आहे. अर्ज साध्या कागदावर, जिल्हा न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांकडे किंवा तालुका विधी सेवा समितीकडे करावा. तुरुंगातील व्यक्तीला तो अधीक्षकांमार्फतही देता येतो. सोबत ओळखपत्र, एफआयआरची प्रत आणि पात्रता ज्या कारणाने आहे त्याचा पुरावा जोडावा. उत्पन्नाचा दाखला हाताशी नसेल तर अर्ज अडवून ठेवू नये, कारण याच अधिनियमाच्या कलम १३ नुसार उत्पन्नाबाबतचे प्रतिज्ञापत्र पुरेसे मानता येते. अनेक जिल्ह्यांत आता लोकअभिरक्षक कार्यालयातील, म्हणजे आरोपींच्या मोफत बचावासाठी असलेल्या कार्यालयातील, पूर्णवेळ वकील ही प्रकरणे चालवतात. दूरध्वनीवर माहिती हवी असल्यास १५१०० हा क्रमांक आहे.

१ जुलै २०२४ पासून अटक, जामीन आणि खटला यांची कार्यपद्धती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार चालते. अटकेची कारणे आरोपीला कळवणे, नातेवाइकाला खबर देणे आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करणे पोलिसांवर बंधनकारक आहे, त्यामुळे अटक झाल्याची वेळ घरच्यांनी वहीत लिहून ठेवावी. जामिनाचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे कलम ४८० खाली, आणि तो फेटाळल्यास सत्र न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात कलम ४८३ खाली करता येतो. अटकेची भीती असल्यास अटकपूर्व जामिनासाठी कलम ४८२ आहे. अर्जासोबत राहत्या पत्त्याचा पुरावा, नोकरीचा, शेतीचा किंवा शिक्षणाचा कागद, आजारपण असल्यास वैद्यकीय कागद आणि पूर्वीच्या गुन्ह्यांची खरी माहिती द्यावी. जुना गुन्हा लपवला तर सरकारी वकील तो दाखवतातच. जामीनदाराचे आधारकार्ड, शिधापत्रिका, छायाचित्र आणि ऐपतीचा पुरावा म्हणून सातबारा, घरपट्टीची पावती किंवा पगारपत्रक आधीच तयार ठेवावे. कलम २५(१ब)(अ) च्या प्रकरणात ६० दिवसांत दोषारोपपत्र (चार्जशीट) आले नाही तर जामीन मागण्याचा हक्क मिळतो, पण तो अर्ज दोषारोपपत्र दाखल होण्याआधी करावा लागतो. जामीन मंजूर होऊनही ७ दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवावे, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी सांगितले आहे.

बचावाचा खरा पाया मात्र दोषारोपपत्रासोबत मिळणाऱ्या कागदांत असतो आणि माझ्या मते निम्म्या आरोपींच्या घरी ते नीट वाचलेच जात नाहीत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० नुसार आरोपी हजर झाल्यापासून १४ दिवसांच्या आत या प्रती विनामूल्य मिळायला हव्यात. त्यातला जप्ती पंचनामा ओळीने वाचावा: हत्यार कोठून काढले, तेव्हा पंच कोठे उभे होते, पाकिटावर लाखेचे सील केले का, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी आत टाकली का, मुद्देमाल नोंदवहीत ते कोणत्या तारखेला जमा झाले आणि न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत कोणत्या तारखेला पोहोचले. पंचनाम्यात ‘एक जिवंत काडतूस’ आणि प्रयोगशाळेच्या अहवालात दोन, किंवा सील अभंग असल्याचा उल्लेखच नाही, अशी तफावत दिसली तर ती पेन्सिलने खूण करून वकिलांना दाखवावी. त्याच संहितेच्या कलम १०५ नुसार झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण आवश्यक असल्याने ते मागण्याचा अर्जही करावा.

त्यानंतर मंजुरीचा आदेश पाहावा. कलम ३ च्या भंगाचा खटला जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या पूर्वमंजुरीशिवाय चालवता येत नाही, असे शस्त्र अधिनियमाचे कलम ३९ सांगते. पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत हा अधिकार आयुक्तांकडे असतो. आदेशाची तारीख, सही करणाऱ्याचा अधिकार आणि आदेशात वर्णन केलेले हत्यार जप्त हत्यारच आहे का, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. तलवारीच्या, म्हणजे कलम ४ च्या प्रकरणाला ही मंजुरी लागत नाही, त्यामुळे तिथे हा मुद्दा मांडून वेळ दवडू नये. तिथे अधिसूचना आणि पात्याचे माप महत्त्वाचे असते, कारण शस्त्र नियम, २०१६ मध्ये ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याच्या सुऱ्यांचा उल्लेख असून घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक वा औद्योगिक वापराची अवजारे त्यातून वगळली आहेत. उसाच्या फडातून परतणाऱ्या मजुराच्या कोयत्याबाबत हा फरक निर्णायक ठरू शकतो.

केवळ वस्तू सापडली म्हणून ताबा सिद्ध होत नाही. ती आपल्याजवळ असल्याची जाणीव आणि तिच्यावर नियंत्रण असावे लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने गुनवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निर्णयात मांडले. विमानतळावरील तपासणीत बॅगेत एखादे काडतूस सापडल्याच्या प्रकरणांत याच तत्त्वावर आणि शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मधील किरकोळ सुट्या भागांच्या अपवादावर उच्च न्यायालयांनी गुन्हे रद्द केलेले आहेत. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. बॅग कोणाची होती, ती कोणी भरली, घरात परवानाधारक कोण आहे, हे परवान्याच्या प्रतीसह प्रतिज्ञापत्रात सांगावे.

परवाना संपलेल्या व्यक्तीने मूळ परवाना, त्यावरील यूआयएन (परवानाधारकाचा विशिष्ट ओळख क्रमांक), शस्त्रखरेदीची पावती, नूतनीकरणाच्या अर्जाची पोच आणि शस्त्र पोलीस ठाण्यात जमा केले असल्यास ती पावती जोडावी. पोच नसेल तर नसल्याचे सांगावे. मागची तारीख घालून कागद तयार केल्यास बनावट दस्तऐवजाचा वेगळा आणि अधिक गंभीर गुन्हा उभा राहतो.

कागदांवरूनच आरोप टिकत नसेल तर दोषमुक्तीचा, म्हणजे आरोप निश्चित होण्याआधीच प्रकरणातून वगळण्याचा, अर्ज करता येतो. दंडाधिकाऱ्यांसमोरील वॉरंट प्रकरणात (दोन वर्षांपेक्षा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात) त्याच संहितेच्या कलम २६२ नुसार त्याची मुदत प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांची आहे, म्हणून प्रती स्वीकारताना पोचपावतीवर सहीबरोबर त्या दिवसाची तारीखही घालावी.