फ्लॉपीविना विंडोज टाकणे

फ्लॉपीविना विंडोज टाकणे : सेटा जोडणीची हार्ड डिस्क असलेल्या पण फ्लॉपी ड्राइव्ह नसलेल्या संगणकावर विंडोज २००० किंवा विंडोज एक्सपी बसवण्याच्या निरनिराळ्या युक्त्या. ‘बसवणे’ हा शब्द पुस्तकातला. नाशिकच्या दुकानांत विंडोज ‘टाकतात’ आणि त्याआधी फॉरमॅट ‘मारतात’. एक्सपीचा अधिकृत आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, तरी ही माहिती अजून लागते. सातपूर-अंबडच्या छोट्या वर्कशॉपांत सीएनसी यंत्राला प्रोग्रॅम पाठवणारा जुना संगणक असतो, लग्नपत्रिका छापणाऱ्या डीटीपीवाल्याकडे डाँगल (परवान्याची छोटी किल्ली) लावून चालणारे जुन्या मराठी फाँटांचे सॉफ्टवेअर असते. ही सॉफ्टवेअरे नव्या विंडोजवर उठत नाहीत म्हणून मालक एक्सपी सोडत नाही, आणि आयडीई जोडणीची जुनी डिस्क तर आता मिळत नाही.

अडचणीचे मूळ तारखांत आहे. एक्सपी २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. सेटा डिस्का दुकानांत दिसू लागल्या त्या २००३ च्या सुमारास, आणि त्यांच्याशी बोलण्याची एएचसीआय ही पद्धत ठरली २००४ मध्ये. त्यामुळे एक्सपीच्या सीडीवर एएचसीआयचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला त्या पद्धतीने डिस्कशी बोलायला लावणारा छोटा प्रोग्रॅम, नाहीच. सीडीवरून संगणक सुरू होतो तेव्हा डिस्क वाचण्याचे काम बायोस, म्हणजे बोर्डवरच असलेला मूळ प्रोग्रॅम, करतो. निळ्या पडद्याच्या तळाशी पांढऱ्या पट्टीत ड्रायव्हरांची नावे झरझर सरकतात, शेवटी ‘सेटअप इज स्टार्टिंग विंडोज’ असे येते आणि त्या क्षणी बायोस बाजूला होतो. पुढे विंडोजने स्वतःच्या ड्रायव्हरने डिस्क गाठायची असते. ड्रायव्हर नसेल तर दोनपैकी एक गोष्ट होते : ‘हार्ड डिस्क सापडली नाही’ असा संदेश येतो, किंवा ७बी या आकड्याने संपणारी ब्लू स्क्रीन येते.

या दोन्ही खुणांचा अर्थ ‘डिस्क गेली’ असा लावला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. बायोसच्या यादीत डिस्कचे नाव आणि क्षमता नीट दिसत असेल, तर आधी ड्रायव्हरचा संशय घ्यावा. चांगल्या डिस्का केवळ या गैरसमजापायी भंगारात गेल्या आहेत, आणि त्यांच्याबरोबर लोकांचे हिशेब, फोटो, वर्षानुवर्षांचे ड्रॉइंगही.

मायक्रोसॉफ्टने ठेवलेली वाट फ्लॉपीची होती. सेटअपच्या सुरुवातीला काही सेकंद ‘एफ ६ दाबा’ अशी ओळ खाली दिसते. तेव्हा ती कळ दाबली की पुढे एस दाबून ड्रायव्हर देता येतो. पण सेटअप तो फक्त ए ड्राइव्हमधून घेते. सीडी, पेनड्राइव्ह किंवा दुसरी डिस्क तिला इथे चालत नाही. १.४४ एमबीची ती चकती घरात असली तरी नव्या मदरबोर्डांवर तिच्या ड्राइव्हची केबल लावायला जागा उरली नव्हती. यूएसबीची फ्लॉपी ड्राइव्ह हा उपाय अर्धाच, कारण सेटअप काही ठरावीक मॉडेलांनाच ओळखते. बाकीच्यांवरून ड्रायव्हर पहिल्यांदा वाचला जातो, कारण तेव्हा बायोस मदतीला असतो. मग फॉरमॅट होते, फायली डिस्कवर उतरू लागतात, आणि सेटअप तीच फ्लॉपी पुन्हा मागते. ड्राइव्हमध्ये फ्लॉपी आहे, दिवाही लागतो आहे, आणि पडद्यावर मात्र ‘फ्लॉपी घाला’ हीच ओळ. एव्हाना जुने पार्टिशन पुसले गेलेले असते.

म्हणून सर्वांत सोपा मार्ग बायोसमधला. सेटा मोड किंवा तत्सम नावाच्या ओळीत एएचसीआय असते, तिथे आयडीई, कंपॅटिबल किंवा एटीए निवडायचे. बोर्ड मग सेटा डिस्क जुन्या आयडीई डिस्कसारखी दाखवतो आणि एक्सपी मुकाट्याने बसते. यात एनसीक्यू, म्हणजे आलेल्या मागण्यांचा क्रम डिस्कने स्वतः लावण्याची सोय, हातची जाते. वर्कशॉपच्या किंवा डीटीपीच्या कामात तो फरक जाणवत नाही, आणि बोर्ड ही सोय देत असेल तर प्रस्तुत लेखकाच्या मते दुसऱ्या भानगडीत पडूच नये. मात्र एकदा आयडीईवर बसवलेली एक्सपी नंतर एएचसीआयवर नेली की तीच ७बीची ब्लू स्क्रीन येते. न्यायचीच असेल तर आधी विंडोजच्या आत ड्रायव्हर नोंदवावा आणि मगच बायोस बदलावा.

हा बदल कोणी न करताही होतो. अंबडच्या एका वर्कशॉपात लेथला प्रोग्रॅम पाठवणारा संगणक एका सोमवारी सुरूच होईना. बोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. माणूस आला, सेल बदलला, तरी ब्लू स्क्रीन तशीच, तेव्हा डिस्क खराब असल्याचे सांगून तो नवी डिस्क टाकायला निघाला. प्रस्तुत लेखकाने बायोस उघडला तर तारीख कित्येक वर्षे मागची. सेल जाताच सगळी सेटिंग कारखान्यातून आली तशी झाली होती, आणि त्या बोर्डची मूळ सेटिंग एएचसीआयची होती. एक ओळ बदलून आयडीई केली, तारीख घातली, एफ १० दाबले. डेस्कटॉप उठला, सगळे पार्ट प्रोग्रॅम जागच्या जागी. मालकांनी आधी पेनड्राइव्ह मागवला आणि मग चहा सांगितला.

काही बोर्डांवर, विशेषतः लॅपटॉपांत, आयडीईची ओळच नसते. तिथे ड्रायव्हर सीडीतच मिसळावा लागतो. एनलाइट नावाचे मोफत सॉफ्टवेअर हेच करते : सीडीतला मजकूर एका फोल्डरमध्ये उतरवायचा, सर्व्हिस पॅक ३ (मायक्रोसॉफ्टच्या दुरुस्त्यांचा संच) जोडायचा, ड्रायव्हर जोडताना ‘टेक्स्टमोड’ प्रकार निवडायचा आणि नवी सीडी जाळायची. ड्रायव्हर ३२ बिटांचा हवा आणि कंट्रोलरच्या, म्हणजे बोर्डवरच्या डिस्क सांभाळणाऱ्या चिपच्या, क्रमांकाशी जुळणारा हवा. त्या क्रमांकात व्हीईएन या उत्पादकाच्या खुणेपुढे ८०८६ असेल तर तो इंटेलचा, १०डीई असेल तर एनव्हिडियाचा. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवले की हा क्रमांक मिळतो, आणि डिस्क जिवंत आहे की नाही तेही तिथेच कळते, कारण लिनक्सच्या कर्नलमध्ये एएचसीआयचा ड्रायव्हर असतो. फॉरमॅट मारण्याआधी ग्राहकाच्या फायली याच वाटेने बाहेर काढून ठेवाव्यात.

एनलाइटमध्ये नको असलेले भाग छाटून सीडी हलकी करण्याचीही सोय आहे, आणि तिने मराठीचे फार नुकसान केले. ‘भाषा’ या गटावर काट मारली की देवनागरी लावणाऱ्या फायली जातात. अशा ‘लाइट’ एक्सपीवर मराठी वेबपान उघडले की चौकोन दिसतात किंवा वेलांट्या अक्षरापासून सुटतात. कंट्रोल पॅनेलच्या भाषांच्या खिडकीत ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’वर टिक केली तरी ती सीडी मागते आणि त्या सीडीत फाइल नसतेच. ड्रायव्हर मिसळावा, छाटणी करू नये.

डिस्क दिसू लागली तरी तिच्या आकाराचे प्रश्न उरतात. मूळ एक्सपीला २८ बिटांचा पत्ता कळतो, म्हणजे सुमारे १३७ जीबीपर्यंतच. त्यापुढची जागा सर्व्हिस पॅक १ पासून (२००२) मिळते. २.२ टीबीच्या पलीकडे एमबीआरची, म्हणजे पार्टिशनांची नोंद ठेवण्याच्या जुन्या पद्धतीची, मर्यादा आडवी येते. साधारण २०११ नंतरच्या डिस्का आतून ४,०९६ बाइटांचे सेक्टर (कप्पे) वापरतात, पण एक्सपी पहिले पार्टिशन जुन्या ५१२ बाइटांच्या हिशेबाने ६३ व्या सेक्टरपासून सुरू करते. दोन्हींचे काठ जुळत नाहीत, दर लेखनाला दुप्पट खटाटोप होतो आणि नवी कोरी डिस्क रांगत चालते. यावर उपाय म्हणजे पार्टिशन विंडोज ७ च्या डीव्हीडीने आधी करून घ्यावे आणि एक्सपी त्यात टाकावी.

भारनियमनाच्या वर्षांत शहाणी माणसे यूपीएस असल्याशिवाय फॉरमॅटला हात घालत नसत. वीज आजही अधूनमधून जाते. एक्सपी चढवलेला संगणक इंटरनेटला जोडू नये, फायली पेनड्राइव्हने न्याव्यात आणि तो पेनड्राइव्ह आधी दुसऱ्या संगणकावर तपासावा.

व्हिस्टापासून (२००७) सेटअपमध्ये ‘लोड ड्रायव्हर’ हे बटण आले, पेनड्राइव्ह चालू लागला आणि एएचसीआयचा ड्रायव्हरही आत आला. दुखणे मात्र जागा बदलून परत येत राहिले. विंडोज ७ (२००९) ला एनव्हीएमई (नव्या वेगवान जोडणीची) डिस्क आणि यूएसबी ३ ओळखता येत नाहीत, त्यामुळे नव्या बोर्डावर तिच्या सेटअपमध्ये माउस-कीबोर्डही निपचित पडतात. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपांत व्हीएमडी, म्हणजे डिस्का इंटेलच्या स्वतःच्या कंट्रोलरमागे ठेवण्याची सोय, चालू असते आणि विंडोज ११ टाकताना डिस्कची यादी रिकामी येते. तिथे बायोसमध्ये व्हीएमडी बंद करावी, किंवा इंटेलचा ‘रॅपिड स्टोरेज’ हा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून ‘लोड ड्रायव्हर’ दाबावे. डाउनलोड केलेली ईएक्सई फाइल तशीच ठेवून भागत नाही. ती दुसऱ्या संगणकावर उलगडून आतली आयएनएफ फाइल (ड्रायव्हरची माहिती देणारी) दिसेल असे फोल्डर पेनड्राइव्हवर घ्यावे लागते.