वेलदोडा घेताना : हिरवा, पांढरा आणि दराची गोष्ट

वेलदोड्याचा दर सांगितला की गिऱ्हाईक दोन पावलं मागं सरतं, हे आम्हाला रोजचंच आहे. गर्दीत सविस्तर बोलायला सवड मिळत नाही, म्हणून हे पत्रक.

वेलदोडा आलं-हळदीच्या कुळातला. पानं माणसापेक्षा उंच जातात, पण फळं धरतात ती बुडाशी, जमिनीवर लोळणाऱ्या तुऱ्यांना. ती एकदम तयारही होत नाहीत. महिना-दीड महिन्यानं पुन्हा बागेत फिरायचं, वाकायचं आणि तयार झालेलं तेवढंच बोंड हातानं खुडायचं. पाच किलो ओली बोंडं वाळवल्यावर हाती येतो साधारण एक किलो माल. दराचं निम्मं उत्तर इथंच आहे.

उरलेलं पावसाच्या हातात. ऑगस्ट २०१८ मध्ये केरळात महापूर आला, पुढच्या हंगामात पावसानं ओढ दिली आणि २०१९ मध्ये लिलावातला भाव किलोला ७ हजार रुपयांपर्यंत गेला.

आपल्याकडं येणारा बराचसा हिरवा वेलदोडा केरळातल्या इडुक्की जिल्ह्याच्या डोंगरातला. हा भाग पूर्वी त्रावणकोर संस्थानात होता आणि तिथं हा माल सरकारी मक्तेदारीचा होता. पिकवणाऱ्यानं तो सरकारलाच घालायचा, मग तो अलेप्पी बंदरातल्या वखारीतून विकला जायचा. अलेप्पी समुद्रकाठचं गाव, तिथं वेलदोड्याच्या बागा नाहीत. तरी उत्तम हिरव्या मालाला व्यापारात आजही ‘अलेप्पी ग्रीन’च म्हणतात! आता लिलाव होतात ते इडुक्कीतल्या पुट्टडीला आणि घाट उतरून तमिळनाडूतल्या बोडिनायकनूरला.

पांढऱ्या वेलदोड्याचं गाव मात्र आपल्या वाटेवरचं. हुबळीच्या पुढं हावेरी लागतं. कारवार-मलनाडकडचा माल पूर्वी तिथं येई आणि रिठ्याच्या पाण्यात धुऊन पांढरा केला जाई. पुढं गंधकाची धुरी आली. म्हणजे पांढरा वेलदोडा ही वेगळी जात नव्हे, रंग काढलेला माल. सत्काराला घालतात ते वेलदोड्यांचे हारही हावेरीचेच प्रसिद्ध. आमचं मत विचाराल तर खाण्यासाठी हिरवाच घ्या.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हे पीक ग्वाटेमालात गेलं आणि आज निर्यातीत तो देश आपल्या पुढं आहे. तिथले लोक स्वतः वेलदोडा फारसा खात नाहीत. माल जातो अरबांच्या कॉफीत.

मटणाच्या मसाल्यातला काळपट मसाला वेलदोडा वेगळा. तो सिक्कीम, दार्जिलिंग आणि पूर्व नेपाळचा, भट्टीवर धुरात वाळवलेला. तांबड्या रश्श्यात शोभतो. बासुंदीत पडला तर बासुंदीला चुलीचा वास येईल.

आता घेताना. ‘सात एमएम’, ‘आठ एमएम’ हा बोंडाचा आकार. जाड बोंडाला दर जास्त, पण वास आकारावर ठरत नाही. एक बोंड फोडून बघा, आम्ही नाही म्हणणार नाही. आतले दाणे काळसर, किंचित चिकट आणि वासाला तिखट हवेत. फिकट, कोरडे दाणे म्हणजे जुना किंवा तेल काढून घेतलेला माल. रंग फारच गडद वाटला तर बोंड ओल्या रुमालावर चोळा. रुमाल हिरवा झाला तर समजा.

घरी सालीसकट, घट्ट झाकणाच्या डब्यात, उजेडापासून लांब ठेवा. पूड लागेल तेवढीच करा, कारण दाणे उघडे पडले की वास उडतो. आणि पुरणासाठी, मसाला दुधासाठी कुटायचाच असेल, तर जाड माल घेऊन पैसे घालवू नका. बारीक किंवा तोंड उकललेला माल मागा. तो स्वस्त असतो आणि मागच्या डब्यात असतो, त्यामुळं मागावाच लागतो.