सगळेच संकर खेचरासारखे वांझ नसतात

दोन वेगळ्या जातींचा निसर्गात संकर होत नाही आणि झालाच तर पिल्लू वांझ निघतं, असं आपण शाळेपासून ऐकत आलो. उदाहरण ठरलेलं: खेचर. घोड्याची गुणसूत्रं ६४, गाढवाची ६२, खेचराची ६३. जोड्या नीट जुळत नाहीत. हे खरंच आहे, पण तो सार्वत्रिक नियम नव्हे.

रशियात व्होल्गा नदीच्या गवताळ प्रदेशात सुस्लिक राहतात. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर ताठ उभ्या राहून शीळ घालणाऱ्या या खारी. त्यांच्यातल्या ‘मोठा सुस्लिक’ आणि ‘लहान सुस्लिक’ या दोन वेगळ्या जातींचा संकर तिथे आपोआप होतो. हिवाळी झोपेतून उठल्यावर मीलनाचे दिवस थोडेच असतात. त्यात आपल्या जातीचा जोडीदार मिळाला नाही, तर शेजारच्या जातीचा चालतो.

सर्वांत बोलका पुरावा मायटोकाँड्रियातल्या, म्हणजे पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या भागातल्या डीएनएचा. तो फक्त आईकडून येतो. दिसायला अस्सल मोठे सुस्लिक, पण आत हा डीएनए लहान सुस्लिकचा, असे प्राणी तिथे सापडले आहेत. म्हणजे कधीतरी लहान जातीच्या मादीला संकरित मुली झाल्या, त्या मुलींनाही पिल्लं झाली, आणि पुढे कित्येक पिढ्या मोठ्या जातीत मिसळत गेल्या. वांझ मुलींकडून हे घडलंच नसतं.