अकाली प्रौढत्व

अकाली प्रौढत्व : वयाला न पेलणारी जबाबदारी अंगावर पडल्यामुळे मुलाला लवकर पोक्त व्हावे लागणे. पालकाचे आजारपण, व्यसन, मृत्यू, घटस्फोट ही त्याची नेहमीची कारणे. शरीराने लवकर वयात येणे हा विषय निराळा असून तो येथे अभिप्रेत नाही.

संकल्पनेच्या उगमाबाबत एकमत नाही. काही अभ्यासक मनोविश्लेषक मेलिटा श्मिडेबर्ग यांच्या १९४८ मधील लेखापासून सुरुवात करतात. पालकच आपल्या मुलाला आईबापांच्या जागी कसे पाहतात, हा त्याचा विषय. कुटुंबोपचारतज्ज्ञ साल्व्हादोर मिनुचिन व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये गरीब कुटुंबांच्या अभ्यासात ‘पालक झालेले मूल’ ही भूमिका मांडली. ‘पॅरेंटिफिकेशन’ (मुलावर पालकाची भूमिका येणे) ही संज्ञा मात्र सामान्यतः कुटुंबोपचारतज्ज्ञ इव्हान बोसोर्मेनी-नॉज व जेराल्डिन स्पार्क यांच्या १९७३ च्या ग्रंथाशी जोडली जाते. मिनुचिन यांच्या मते अधिकार व मर्यादा स्पष्ट असतील तर ही भूमिका घातक ठरत नाही. नॉज यांचा भर घरातील देण्याघेण्याच्या न्यायावर आहे. मूल किती राबले यापेक्षा त्याच्या कष्टांची कुणी दखल घेतली का, हा प्रश्न त्यांनी पुढे आणला आणि तोच अधिक मूलगामी वाटतो.

मानसशास्त्रज्ञ ग्रेगरी जुर्कोविच यांनी १९९० च्या दशकात कामाचा भार व भावनिक भार हा भेद विस्ताराने मांडला. स्वयंपाक करणे, धाकट्यांना सांभाळणे हा पहिला. रडणाऱ्या आईची समजूत घालणे, आईबापांच्या भांडणात मध्यस्थी करणे हा दुसरा. दुसरा सहसा अधिक हानिकारक मानला जातो. समाजशास्त्रज्ञ ग्लेन एल्डर यांनी १९७४ मध्ये १९३० च्या दशकातील महामंदीतील अमेरिकी मुलांविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मंदीच्या वेळी किशोरवयात असलेली, घराला हातभार लावणारी बरीच मुले पुढे सावरली. त्याहून लहान असलेल्यांना, विशेषतः मुलग्यांना, ती झळ अधिक बसल्याचे पुढील तुलनेत दिसले.

दारात किल्ली कशी फिरते यावरून वडिलांचा मूड ओळखायला शिकलेले मूल मोठेपणी भरवशाचे, कर्तबगार ठरू शकते. पण ताप आला तरी पाण्याचा पेला कुणाकडे मागणे त्याला जड जाते. सुटीच्या दिवशी स्वस्थ बसले की अपराधी वाटते. इतरांची काळजी घेतल्यावाचून न राहवण्याच्या या वृत्तीचे वर्णन मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनीही केले आहे. अशा माणसाच्या सुखाची अडचण मिळवण्यात नसते, स्वीकारण्यात असते.

अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र पाहणाऱ्या २०११ मधील एका विश्लेषणात बालपणीचा असा भार व प्रौढपणीच्या मानसिक तक्रारी यांचा संबंध आढळला, पण तो क्षीण होता. शिवाय असे बहुतेक अभ्यास प्रौढांच्या आठवणींवर बेतलेले आहेत. सध्याच्या खिन्नतेची छाया त्या आठवणींवरही पडू शकते.