प्रोजेक्टर आणि कॉम्प्युटरची ओळख कशी झाली: थोडी पार्श्वभूमी

प्रोजेक्टर लावायचा म्हटलं की सीन ठरलेला असतो. माणसं येऊन बसलेली, एकजण लॅपटॉपवर वाकलेला, दुसरा टेबलाखाली केबल चाचपतोय, तिसरा रिमोट वर धरून दिसेल ते बटण दाबतोय आणि पडद्यावर मोठ्ठं निळं ‘नो सिग्नल’. हे काम बऱ्याचदा माझ्याच गळ्यात पडतं. मला शिकवणाऱ्याने एक क्रम सांगितला होता, आधी प्रोजेक्टर चालू कर, मग केबल जोड, लॅपटॉप सगळ्यात शेवटी. का ते त्यालाही माहीत नव्हतं, मीही विचारलं नाही, वर्षानुवर्षं तसंच करत राहिलो. नंतर कधीतरी जुनं वाचत गेलो तेव्हा कळलं की यातल्या जवळजवळ प्रत्येक कटकटीला आपापला इतिहास आहे, आणि तो बहुतेक सगळा एकाच गोष्टीचा आहे: ही दोन यंत्रं एकमेकांसाठी बनलेलीच नव्हती, त्यांची ओळख मागून करून द्यावी लागली.

प्रोजेक्टर अर्थातच कॉम्प्युटरपेक्षा कितीतरी जुना. १६५९ साली ख्रिस्तियान हायगेन्स या डच शास्त्रज्ञाने मॅजिक लँटर्नसाठी छोटी छोटी चित्रं काढून ठेवली होती, त्यात एक सांगाडा आहे आणि तो स्वतःची कवटी काढून हातात घेतो. दिवा, काचेवर रंगवलेलं चित्र, पुढे भिंग, बस्स. भिंग चित्र उलटं करतं म्हणून काच उलटी सरकवायची. हा नियम अजून संपलेला नाही बरं का, प्रोजेक्टर छताला उलटा टांगला की मेनूत जाऊन ‘सीलिंग’ निवडावं लागतं नाहीतर सगळी अक्षरं डोक्यावर उभी दिसतात. फरक इतकाच की काच हाताने फिरवायची तिथे आता चिप फिरवते. पुढची तीनशे वर्षं दिवे बदलले, भिंगं सुधारली, काचेच्या जागी फिल्म आली, पण मूळ कल्पना तीच: आधी तयार केलेलं चित्र, मागून प्रकाश.

कॉम्प्युटरची पंचाईत इथेच होती. त्याचं चित्र आधी तयार नसतं, ते आत्ता, या क्षणी बनत असतं.

९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये डग्लस एंगलबार्ट या कॉम्प्युटर संशोधकाने साधारण हजार लोकांसमोर माऊस, लिंका, पडद्यावरचं एडिटिंग, दूरच्या सहकाऱ्याबरोबर एकाच डॉक्युमेंटवर काम असं सगळं एका बैठकीत दाखवलं. त्याबद्दल बोलताना सगळे माऊसबद्दल बोलतात, पण माझा जीव दुसरीकडेच अडकतो, की अहो ते हजार लोकांना दिसलं कसं? कॉम्प्युटर तिथे नव्हताच, तो साधारण ४८ किलोमीटर लांब मेन्लो पार्कच्या लॅबमध्ये. त्याचं चित्र एका लहानशा सीआरटी ट्यूबवर (जुन्या टीव्हीत असायची तसली काचेची नळी) उमटायचं, त्या ट्यूबसमोर चक्क टीव्ही कॅमेरा रोखलेला, त्या कॅमेऱ्याचं चित्र मायक्रोवेव्हने हॉलपर्यंत आणलं आणि तिथे आयडोफोर नावाच्या यंत्राने मोठ्या पडद्यावर टाकलं. म्हणजे कॉम्प्युटर प्रोजेक्टरला जोडलेलाच नव्हता, कॉम्प्युटरचं शूटिंग करून ते प्रोजेक्टरवर चालू होतं! आयडोफोर हा वेगळाच प्राणी. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ फिशरची कल्पना, १९३९ पासूनची. आत तेलाचा पातळ थर, त्यावर इलेक्ट्रॉनचा झोत फिरतो, झोत पडेल तिथे तेलाला सूक्ष्म सुरकुत्या पडतात आणि झगझगीत आर्क लॅम्पचा प्रकाश त्या सुरकुत्यांवरून वाकून पडद्याकडे जातो, जिथे सुरकुती नाही तिथे अंधार. असलं धूड सांभाळायला माहीतगार माणूस शेजारी लागायचाच.

त्यानंतर बरीच वर्षं मोठा पडदा म्हणजे तीन डोळ्यांचे सीआरटी प्रोजेक्टर. लाल, हिरवी, निळी अशा तीन ट्यूबा, तीन भिंगं, आणि तिन्ही चित्रं पडद्यावर तंतोतंत एकावर एक बसवायची. त्याला कन्व्हर्जन्स म्हणायचे. हे बसवण्यात तासन्‌तास जायचे, आणि बसल्यावर कुणी यंत्राला धक्का दिला की अक्षरांना लाल-निळ्या कडा यायच्या आणि परत पहिल्यापासून. आपण कीस्टोनच्या, म्हणजे तिरकं आलेलं चित्र चौकोनी करायच्या, दोन बटणांवर वैतागतो, त्या लोकांनी काय म्हणावं.

मग आलं १९८७. मला हे साल फार आवडतं कारण एकमेकांशी काही संबंध नसलेल्या तीन गोष्टी एकाच वर्षी झाल्या आणि पुढे त्या तिन्ही एकाच टेबलावर येऊन बसल्या. एक, आयबीएमने पीएस/२ कॉम्प्युटरांबरोबर व्हीजीए आणलं, म्हणजे पडद्याला चित्र पाठवायची एक ठरलेली पद्धत, ६४० बाय ४८० ठिपके आणि तो पंधरा पिनांचा सॉकेट. दोन, फोरथॉट नावाच्या छोट्या कंपनीने मॅकिंटॉशसाठी पॉवरपॉइंट विकायला काढलं, रॉबर्ट गॅस्किन्सच्या डोक्यातून आलेलं, आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १ कोटी ४० लाख डॉलरला ती कंपनी घेतली. तीन, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेकने सूक्ष्म आरशांची चिप बनवली. गंमत बघा, पहिलं पॉवरपॉइंट प्रोजेक्टरला जोडायचं नव्हतंच. ते काळ्या-पांढऱ्या पानांसाठी होतं, पानं प्रिंट करायची, पारदर्शक शीटवर उतरवायची आणि ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर एकेक ठेवत जायचं. आजही आपण ‘पुढची स्लाइड’ म्हणतो ती स्लाइड म्हणजे खरोखरची हातात धरायची वस्तू होती. लॅपटॉपमधून थेट व्हिडिओ बाहेर काढून दाखवायची सोय १९९२ च्या तिसऱ्या व्हर्जनमध्ये आली.

मधल्या काळात एक जुगाड चालायचा. एलसीडीचं एक पारदर्शक पॅनेल मिळायचं, जाडजूड पाटीसारखं, ते कॉम्प्युटरला जोडून ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर शीटऐवजी ठेवायचं. खालून दिवा, मध्ये कॉम्प्युटरचं जिवंत चित्र. पण खालचा दिवा इतका तापायचा की पॅनेल गरम होऊन चित्र फिकट पडत जायचं, आणि प्रकाश पॅनेलमध्येच एवढा गिळला जायचा की खोलीत काळोख केल्याशिवाय काही दिसत नसे. तरी दिशा बरोबर होती. दिवा, एलसीडी आणि भिंग एकाच डब्यात घातलं की झाला प्रोजेक्टर. १९८९ मध्ये एप्सनने तीन पॅनेलांचा छोटा रंगीत प्रोजेक्टर काढला, एकाच दिव्याचा प्रकाश तीन रंगांत फोडायचा, प्रत्येक रंग आपापल्या पॅनेलमधून न्यायचा आणि प्रिझममध्ये पुन्हा एकत्र. ट्यूबा जुळवायची कटकट आतच, कारखान्यात मिटली. हॉर्नबेकचे आरसे दुकानात यायला १९९६ उजाडलं. त्यात प्रत्येक ठिपक्याला एक आरसा, प्रकाश भिंगाकडे तरी पाठवायचा नाहीतर बाजूला, आणि दिव्यापुढे रंगीत चक्र गरगर फिरतंय. स्वस्तातल्या डीएलपीवर (या आरशांच्या प्रोजेक्टरचं हे नाव) नजर झटकन फिरवली की काहींना इंद्रधनुष्याचे पट्टे दिसतात ते या चक्रामुळे, डोळे तपासायची गरज नाही.

दिव्याचंही सांगून टाकतो. फिलिप्सने १९९५ च्या सुमारास अतिउच्च दाबाचा पाऱ्याचा छोटा दिवा आणला आणि त्यामुळेच प्रोजेक्टर एका हातात उचलण्याइतका झाला. चालू असताना आतला दाब हवेच्या दाबाच्या दोनशेपटीच्या आसपास जातो. म्हणून ‘पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका’ हे जे बजावतात ते उगाच नाही. लेझर आणि एलईडीवाल्यांना आता त्याची तेवढी फिकीर नाही, पण सवय जात नाही.

आता केबल. मला विचाराल तर सगळी खरी गोष्ट केबलीचीच आहे.

व्हीजीए म्हणजे अॅनालॉग. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग तीन वेगळ्या पिनांवरून, प्रत्येकाची व्होल्टेज कमीजास्त होणार तसा रंग गडद-फिका होणार, शिवाय ओळ कुठे संपली आणि पान कुठे संपलं हे सांगणाऱ्या दोन वेगळ्या पिना. हे सगळं सीआरटी मॉनिटरसाठी आखलेलं होतं. याचा एक फायदा असा की बिघाड रंगावरून ओळखता येतो. एकदा माझ्या पडद्यावर सगळं पिवळं पिवळं आलं, पांढरी स्लाइड हळदीत बुडवल्यासारखी, आणि निळं हेडिंग तर काळंच. लोक म्हणाले दिवा गेला. केबल काढून उजेडात धरली तर तिसरी पिन, निळ्याची, वाकून शेजारणीला टेकलेली. बारीक शिशाच्या पेन्सिलीचं पोकळ टोक पिनेवर घालून हळूच सरळ केली आणि निळा परत आला. हिरव्याची गेली तर चित्र गुलाबी-जांभळं होतं, लाल गेला तर समुद्रासारखं निळसर-हिरवं. आणि हो, बऱ्याच जुन्या केबलींत नववी पिन मुळातच नसते, ती तुटली असं समजून उगाच कुणावर आळ घेऊ नका.

तर या व्हीजीएमध्ये सुरुवातीला बोलणं एकतर्फी होतं. कॉम्प्युटर चित्र पाठवत सुटणार, समोर कोण आहे, त्याला किती ठिपके झेपतात, काही धड पत्ता नाही. प्रोजेक्टरला झेपलं नाही तर ‘आउट ऑफ रेंज’. १९९४ मध्ये व्हेसा या संस्थेने त्यावर तोड काढली, त्याच केबलीतल्या दुसऱ्या पिनांवरून समोरच्या यंत्राने आपली ओळख सांगायची. १२८ बाइटचं एक छोटं ओळखपत्र, त्याला ईडीआयडी म्हणतात: मी अमक्या कंपनीचा, तमक्या मॉडेलचा, मला इतके बाय इतके ठिपके चालतात. लॅपटॉप ते वाचतो आणि त्याप्रमाणे चित्र पाठवतो. पण ‘आत्ता केबल लागली’ हे कळवणारी वेगळी पिन व्हीजीएत नव्हती, आणि बरेच लॅपटॉप फक्त चालू होतानाच बाहेर कोणी आहे का ते बघायचे. आला ना लक्षात तो क्रम? आधी प्रोजेक्टर, मग केबल, मग लॅपटॉप. लॅपटॉप उठून बघेल तेव्हा समोर कोणीतरी जागं पाहिजे. लांबलचक किंवा स्वस्तातली केबल असली तर ओळखपत्राच्या पिना कधी कधी जोडलेल्याच नसतात, मग लॅपटॉप अंदाजाने १०२४ बाय ७६८ वगैरे पाठवतो आणि सगळं ताणलेलं दिसतं.

मग नव्या जोडण्या आल्या, १९९९ ला डीव्हीआय, २००२ च्या अखेरीस एचडीएमआय. एचडीएमआयमध्ये एकोणीस पिना, सगळं डिजिटल, आणि एकोणिसावी पिन खास ‘मी आलोय’ सांगायला. तेव्हापासून तो क्रम खरं तर लागत नाही, तरी मी अजून तसंच करतो. पण एचडीएमआयने सोबत एक पाहुणाही आणला, एचडीसीपी, म्हणजे कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं कुलूप. डेस्कटॉप दिसतोय, स्लाइड दिसतेय, फक्त पिक्चर लावला की काळं, असं झालं की बऱ्याचदा मध्ये लावलेला अॅडाप्टर किंवा जुना प्रोजेक्टर त्या कुलपाची किल्ली नसलेला असतो. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी आणि काही लॅपटॉप कंपन्यांनी जाहीर केलं की २०१५ पर्यंत व्हीजीए बंद करतोय. लॅपटॉपवरून ते गेलंही, पण प्रोजेक्टर दहा-दहा वर्षं छताला लटकून असतात, त्यांच्या पाठीवर तो निळा सॉकेट दोन स्क्रूंसकट अजून आहे. मधल्या पिढीची सगळी तारांबळ या अंतरामुळे. यूएसबी-सीने त्यात भर घातली, भोक दिसायला सारखंच, पण कुठल्या लॅपटॉपच्या भोकातून व्हिडिओ येतो आणि कुठल्याच्या फक्त चार्जिंग होतं हे बाहेरून सांगता येत नाही.

बटणांचाही असाच गोंधळ होता. एका कंपनीचं एफएन आणि एफ५, दुसरीचं एफ७, तिसरीचं एफ८, त्यामुळे दुसऱ्याच्या लॅपटॉपवर सगळी वरची ओळ दाबून बघायची. २००९ मध्ये विंडोज ७ ने विंडोज की आणि पी असा एकच शॉर्टकट दिला, चार पर्याय. डुप्लिकेट, म्हणजे दोन्हीकडे तेच चित्र, निवडलं की दोन्ही पडद्यांना झेपेल असा एक आकार शोधला जातो, म्हणून लॅपटॉपवरचं चित्रही अचानक बुटकं किंवा अंधुक होतं, बिघडत काही नाही. एक्स्टेंडमध्ये, म्हणजे दोन पडदे मिळून एक लांब पडदा, दोघे आपापल्या आकारात राहतात, फक्त माऊस उजवीकडे गायब झाला की घाबरायचं नाही.

आणि आवाज. व्हीजीएतून आवाज जातच नव्हता, त्यासाठी वेगळी वायर ओढावी लागायची. एचडीएमआयमधून तो चित्राबरोबरच जातो, लॅपटॉपला वाटतं आता बोलायचं काम प्रोजेक्टरचं, आणि प्रोजेक्टरच्या पोटात काडेपेटीएवढा स्पीकर, किंवा तोही नाही. व्हिडिओ चालू, ओठ हलतायत, हॉलमधले मोठे स्पीकर गप्प. खाली कोपऱ्यातल्या स्पीकरच्या आयकॉनवर क्लिक करून आउटपुट परत लॅपटॉपच्या जॅकवर आणायचं, एवढंच असतं.