अ‍ॅम्बॅसेडरला विजेची जोड : काम सोपवण्याआधी वाचायची माहिती

संध्याकाळी रामबागेतून राजवाड्याकडे गाडी न्यायची म्हणजे किती वेळा थांबावं लागतं, हे इंदूरच्या अ‍ॅम्बॅसेडरवाल्यांना सांगायला नको. माणसं धरून दीड टनाच्या घरात जाणारी गाडी दर वेळी जागची हलवायची, आणि पेट्रोल, क्लच प्लेट व इंजिनाचा गारवा या तिन्हींचा खर्च तिथेच होतो. आम्ही बसवतो ती विजेची मोटर एवढंच काम इंजिनाकडून वाटून घेते. इंजिन आणि गिअरबॉक्स जागच्या जागी राहतात. ताशी ३० किलोमीटरपर्यंत मोटर पूर्ण जोर लावते, पुढे तो जोर उतरत जाऊन ५५ ला शून्य होतो.

म्हणून ज्यांची गाडी मुख्यतः देवास-भोपाळच्या रस्त्यावर धावते, त्यांनी हे काम करू नये. हायवेवर मोटर जवळपास रिकामीच फिरते आणि सुमारे ९० किलो जास्तीचं ओझं तेवढं वाहावं लागतं. तेच पैसे व्हॉल्व्ह आणि ब्रेकच्या कामात घालणं बरं.

कोणती गाडी चालते

पैशांचं बोलण्याआधी आम्ही आरसी बुक बघतो. हलक्या गाडीला हायब्रिड किट, म्हणजे इंजिनासोबत मोटरही चालवणारी जोडणी, बसवायची तर ती गाडी बीएस-२ किंवा त्यापुढच्या धुराच्या (उत्सर्जनाच्या) मानकाची असावी लागते, आणि तिला आधी दुसरं कुठलंही किट बसवलेलं नसावं लागतं. बीएस-२ देशभर लागू झालं २००५ मध्ये. अ‍ॅम्बॅसेडर २०१४ पर्यंत बनत होती. मधल्या काळातली १८०० आयएसझेड इंजिनाची गाडी या कामाला सर्वांत योग्य. सीएनजी किंवा एलपीजी लावलेली गाडी आम्ही घेत नाही. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन बीएस-२ देशभर येण्याआधीच थांबलं होतं, त्यामुळे तिच्यासाठी ही वाट बंद आहे. मन दुखतं, पण रस्त्यावर पकडली जाणारी आणि अपघातात विमा न मिळणारी गाडी आम्ही कुणाच्या हातात देणार नाही.

वाडवडिलांची ५० वर्षांवरची गाडी असेल तर तिला हातही लावू नका. अशा मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी २०२१ पासून विंटेज नोंदणी आहे: शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं. मोटर बसवली की मूळ स्वरूप गेलं, आणि ती नोंदणीही.

किट एआयएस-१२३ या सरकारी वाहन मानकाप्रमाणे तपासलेलं आणि मंजुरीपत्र असलेलंच हवं. त्या पत्रात तुमच्या गाडीचं मॉडेल व इंजिन बसतं का, ते आम्ही दाखवूनच पुढे जातो. सुटे भाग जमवून बनवलेला जुगाड कितीही छान चालला तरी आरसीवर चढत नाही. काम झाल्यावर आरटीओत बदलाची नोंद आणि विमा कंपनीला लेखी कळवणं, ही दोन्ही कामं गाडीमालकाच्या सहीनेच होतात. गाडीवर कर्ज असेल तर आधी बँकेची संमती आणा.

आधी गाडीची तपासणी

चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतो. एकमेकांत १५ टक्क्यांहून जास्त फरक निघाला तर आधी इंजिनाचं काम. थकलेलं इंजिन मोटरमुळे झाकलं जातं, सुधारत नाही. प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जोर नेणाऱ्या दांड्याचे) क्रॉस म्हणजे सांधे, गिअरबॉक्सचं मागचं ऑइल सील, हाउसिंगमधला (मागच्या अ‍ॅक्सलच्या दात्यांच्या पेटीतला) लॅश म्हणजे ढिलेपणा आणि मागचे पाटे बघतो. पाटे आधीच बसलेले असतील तर एक पान वाढवावं लागतं.

हाउसिंगचं गुणोत्तर कागदावरून घेत नाही, मोजतो. इतक्या वर्षांत ते कुणी बदललंय की नाही, सांगता येत नाही. तुम्हीही घरी मोजू शकता. न्यूट्रल करा, पुढच्या चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला पक्की उटी (अडसर) लावा, दुसरं मागचं चाक जॅकवर उचला आणि शाफ्टवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर दोन फेऱ्या फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितक्या फेऱ्या फिरला, ते गुणोत्तर. गाडीखाली डोकं घालायचं तर जॅकसोबत स्टँड हवाच.

बसवतो काय आणि कसं

गिअरबॉक्सच्या मागे दोन बेअरिंगांत एक छोटा शाफ्ट, त्यावर दातेरी पुली, शेजारी मोटर, मध्ये दातेरी पट्टा. मोटरच्या दीड फेऱ्यांना शाफ्टची एक. मागचा शाफ्ट तेवढा आखूड लागतो. तो नवा करून बॅलन्स करून घेतो आणि तुमचा मूळ शाफ्ट ग्रीस लावून, गुंडाळून परत देतो. बॉडीला वेल्डिंग करत नाही, सगळं बोल्टवर. उद्या मूळ गाडी परत हवीशी वाटली तर ती मिळाली पाहिजे.

मोटर ४८ व्होल्टची, क्षणभराला १० किलोवॅट आणि सलग ५ किलोवॅट देणारी, इंडक्शन प्रकारची. चुंबकवाली मोटर हलकी असते हे खरं, पण ती चाकांना कायमची जोडलेली राहिली आणि गाडी उतारावर वेगात गेली, तर डायनमोसारखी वीज तयार करत राहते आणि व्होल्टेज कंट्रोलरला (मोटरची वीज सांभाळणाऱ्या पेटीला) झेपेनासं होऊ शकतं. इंडक्शन मोटरचा प्रवाह बंद केला की ती नुसती फिरते. मानपूरचा घाट उतरणाऱ्या गाडीसाठी थोडं जास्त वजन आम्हाला परवडतं.

बॅटरी एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारची, १६ सेल, १०० अ‍ॅम्पिअर-तास, म्हणजे सुमारे ५ युनिट. जागा डिक्कीत, मागच्या सीटला लागून. १० किलोवॅटला २०० अ‍ॅम्पिअर प्रवाह वाहतो, म्हणून केबल ५० चौरस मिलिमीटर तांब्याची, टोकं हायड्रॉलिक प्रेसने दाबलेली, आणि फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. हातोडीने ठोकलेलं टोक सैल राहतं, तापतं आणि आग तिथूनच लागते.

तीन छोटे स्विच मात्र या कामाचा जीव आहेत. मोटर क्लचच्या मागे बसते, त्यामुळे क्लच दाबला तरी ती गाडी पुढे ढकलत राहील. म्हणून मोटर तोडणारा एक स्विच क्लचच्या पेडलला आणि दुसरा ब्रेकला. तिसरा रिव्हर्सला. तो चुकला तर इंजिन गाडी मागे ओढतं, मोटर पुढे ढकलते आणि क्रॉस तुटतो. डिलिव्हरीच्या वेळी हे तिन्ही स्विच तुमच्यासमोर तपासतो. तुम्ही स्वतः पेडल दाबून बघा.

नेहमी होणाऱ्या चुका

इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये, नुसत्या मोटरवर लांब जाणं. गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट फिरतो, पण तेल उडवणारा खालचा शाफ्ट इंजिनाशिवाय फिरत नाही. आतल्या बुश कोरड्या घासतात. गाडी टोचन करून दूर नेली की गिअरबॉक्स जातो तो याच कारणाने. शिवाय ब्रेक बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही, पेडल दगडासारखं होतं. गाडी चालू असेपर्यंत इंजिन चालू ठेवा.

पाय उचलल्यावर मोटर गाडी रोखते आणि थोडी वीज परत देते. हे रोखणं फक्त मागच्या चाकांवर असतं, म्हणून आम्ही ते मुद्दाम कमी ठेवतो आणि पावसाळ्यासाठी बंद करायचं बटण देतो. मृगाच्या पहिल्या सरीत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा ते बटण दाबाच. बॅटरी पूर्ण भरलेली असताना हे रोखणं मिळत नाही. ब्रेक बिघडला समजून घाबरू नका.

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की भट्टी होते. सेल तापले की बीएमएस (बॅटरीवर लक्ष ठेवणारं सर्किट) चार्जिंग तोडतं. ते बिघडलेलं नसतं, बॅटरी वाचवत असतं. गाडी सावलीत लावा, डिक्की उघडून तासभर थांबा, मग चार्जर लावा. १५ अ‍ॅम्पिअरच्या चार्जरने रिकामी बॅटरी साधारण सात तासांत भरते; अर्थिंग असलेल्या सॉकेटवरच लावा. महिनाभर गाडी काढायची नसेल तर बॅटरी अर्धी भरून मुख्य स्विच बंद करा.

पहिल्या ५०० किलोमीटरनंतर गाडी दाखवायला आणा: पट्टा बसतो, त्याचा ताण पुन्हा करावा लागतो आणि केबलचे बोल्ट आवळावे लागतात. पुढे दर ५,००० किलोमीटरला क्रॉसना ग्रीस. मधेच ताशी ४० च्या आसपास गाडीच्या तळातून गुरगुर सुरू झाली तर शाफ्टचा कोन किंवा बॅलन्स बिघडलाय. तशी गाडी पळवू नका, फोन करा.

तपासणीला येताना आरसी, विम्याची प्रत, पीयूसी आणि गाडीचा जॅक-पाना सोबत आणा. तपासणीला अर्धा दिवस लागतो. गाडी कामाला योग्य नसेल तर तसं त्याच दिवशी लेखी देतो.