टीमशेफ : परवाना नसलेल्या प्रशिक्षकाची पार्श्वभूमी

९ सप्टेंबर २०२३ रोजी वोल्फ्सबर्गमध्ये फुटबॉलच्या सामन्यात जपानने जर्मनीला ४-१ असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी जर्मन प्रशिक्षकाची गच्छंती झाली. आणखी दोन दिवसांनी डॉर्टमुंडमध्ये फ्रान्सशी सामना होता. त्या एका सामन्यासाठी संघाची सूत्रे घेतली ती जर्मन फुटबॉल महासंघाच्या ६३ वर्षांच्या क्रीडा संचालकाने, म्हणजे १९९० च्या जगज्जेत्या संघातल्या आघाडीवीराने, रुडी फेलरने. जर्मनी २-१ ने जिंकली. या बाकावर तो पहिल्यांदा बसला होता २००० साली, आणि तेव्हा त्याच्या पदाच्या नावात ‘प्रशिक्षक’ हा शब्दच नव्हता.

खेळाडू म्हणून त्याने काय केले ते बहुतेकांना ठाऊक आहे: देशासाठी ९० सामने, ४७ गोल, १९८६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाविरुद्ध २-२ अशी बरोबरी साधून देणारा गोल. इथे महत्त्वाचे आहे ते १९९० चे रोम. अंतिम सामना ज्या पेनल्टीवर सुटला, ती यालाच पाडल्याबद्दल मिळाली होती. त्या दिवशी पश्चिम जर्मनीच्या बाकावर बसलेल्या माणसाकडेही, फ्रान्झ बेकेनबाउअरकडेही, प्रशिक्षकाचा परवाना नव्हता.

हा गुंता १९८४ पासूनचा. जर्मनीत प्रशिक्षकाच्या सर्वोच्च परवान्याला ‘फुसबाल-लेहरर’ म्हणतात. लेहरर म्हणजे शिक्षक. हे प्रशिक्षण घेतल्याशिवाय राष्ट्रीय प्रशिक्षकाचे, ‘बुंडेसट्रेनर’चे, पद देता येत नव्हते. १९८४ च्या युरो या युरोपीय देशांच्या स्पर्धेत संघ साखळीतच बाद झाला आणि सगळ्यांना हवा होता तो १९७४ च्या विश्वचषकाचा विजयी कर्णधार, म्हणजे हाच बेकेनबाउअर. त्याने परवाना घेतलेला नव्हता. मग पदाचेच नाव बदलले: टीमशेफ. जर्मनमध्ये शेफ म्हणजे प्रमुख, वरिष्ठ. स्वयंपाकघराशी त्याचा संबंध नाही. मराठीत ‘व्यवस्थापक’ म्हटले तर प्रवासाची आणि मुक्कामाची सोय पाहणारा कोणी डोळ्यांपुढे येतो, म्हणून तोही शब्द फसवा. संघनिवड, डावपेच, बदली खेळाडू हे सगळे टीमशेफच्याच हाती असे. परवानाधारक माणूस शेजारी बसे.

२००० च्या युरोत जर्मनी एका गुणासह गटात तळाला राहिली. नव्या प्रशिक्षकपदासाठी लेव्हरकुसेनच्या क्लबचा प्रशिक्षक पक्का झाला, पण क्लब त्याला वर्षभर सोडायला तयार नव्हता. तेवढ्या वर्षापुरता हा आघाडीवीर आला. तो त्याच क्लबात क्रीडा संचालक होता. पुन्हा परवाना नाही, पुन्हा टीमशेफ. जोडीला पस्तिशीही न गाठलेला एक परवानाधारक, ज्याला बुंडेसट्रेनर ही पदवी मिळाली. ऑक्टोबरमध्ये ठरलेल्या प्रशिक्षकाची नेमणूक बारगळली आणि वर्षभराची सोय चार वर्षांची झाली.

नियमाला दिलेली ही बगल योग्य होती का, यावर जर्मनीत अजून दोन मते आहेत. परवान्यासाठी महिनोन्‌महिने अभ्यास केलेल्यांची तक्रार मला खरी वाटते: गोल केले म्हणून कोणी शिक्षक होत नाही. पण या व्यवस्थेचा जाच खुद्द टीमशेफलाही झाला, हे सहसा बोलले जात नाही. सामना जिंकला की श्रेय त्याच्या लोकप्रियतेला, हरला की बोट परवान्याकडे. त्याच्या कामाकडे प्रशिक्षकाचे काम म्हणून पाहायला कोणी तयारच नव्हते.

वास्तविक त्या कामात पाहण्यासारखे पुष्कळ होते. १ सप्टेंबर २००१ ला म्युनिकमध्ये इंग्लंडने ५-१ ने धुव्वा उडवला. विश्वचषक गाठण्यासाठी युक्रेनशी दोन सामने खेळावे लागले: कीव्हमध्ये १-१, डॉर्टमुंडमध्ये ४-१. तोच संघ पुढच्या वर्षी पॅराग्वे, अमेरिका आणि दक्षिण कोरिया यांना प्रत्येकी १-० ने हरवून अंतिम फेरीत पोचला. तीन बाद सामन्यांत एकही गोल न खाणे हे नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही. एका स्ट्रायकरने बचावाच्या जोरावर उभा केलेला तो संघ होता. योकोहामात ब्राझील २-० ने सरस ठरली, तेही जर्मनीचा मधल्या फळीतला सर्वांत मोठा खेळाडू निलंबित असताना.

त्यानंतर मात्र उतार लागला. सप्टेंबर २००३ मध्ये आइसलँडशी गोलशून्य बरोबरी झाली आणि टीव्हीवरच्या थेट मुलाखतीत टीमशेफचा संताप उसळला. टीकाकारांना त्याने तिथेच सुनावले. जर्मनीत ती मुलाखत त्याच्या अनेक गोलांपेक्षा जास्त लक्षात आहे. २००४ च्या युरोत लॅटव्हियाशीही ०-० झाल्यावर आणि चेक संघाकडून १-२ ने हरल्यावर त्याने स्वतःच पद सोडले.

त्याच्या जागी आला तो १९९० च्या आघाडीतला त्याचा जोडीदार, युर्गन क्लिन्समन. क्लिन्समनच्या पदाचे नाव मात्र बुंडेसट्रेनर. नामवंत माजी खेळाडूंसाठी २००० मध्ये भरवलेला छोटा अभ्यासक्रम त्याने पूर्ण केला होता. म्हणजे बगल दोन्ही वेळा दिली गेली. एकदा पदाचे नाव बदलून, एकदा अभ्यासक्रम आखूड करून. दुसऱ्या प्रकारावर कोणी फारसे बोलत नाही, आणि हा फरक मला आजही पटत नाही.

माजी टीमशेफ फेलर २००४ मध्येच इटलीतल्या रोमा क्लबचा प्रशिक्षक म्हणून गेला. महिनाही पुरा व्हायच्या आत त्याने राजीनामा दिला. २००५ मध्ये लेव्हरकुसेनमध्ये काही आठवडे हंगामी जबाबदारी सांभाळली आणि पुढची अनेक वर्षे तो त्याच क्लबच्या कारभारात राहिला. पूर्णवेळ प्रशिक्षकपद त्याने पुन्हा घेतले नाही.